२८ ते १२२ : या मधल्या जागेत माझं काम चालतं

माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक कागद चिकटवलाय, त्यावर फक्त "२८ – १२२" एवढंच लिहिलंय. ऑफिसात येणारा प्रत्येक जण विचारतो हे काय, आणि मी दरवेळी सांगायला बसते, आज म्हटलं एकदा नीट मराठीतच लिहून काढू. मामला आहे न्यूट्रिनो नावाच्या अतिशय हलक्या, विद्युतभार नसलेल्या कणाच्या वस्तुमानाचा.

जपानमध्ये कामिओकाच्या खाणीत कामलँड-झेन नावाचा प्रयोग झाला. डोंगराखाली, एका मोठ्या फुग्यासारख्या पिशवीत चमकणारं द्रव, आणि त्यात विरघळवलेला ७४५ किलो झेनॉन, त्यातला बहुतेक झेनॉन-१३६. काही वर्षं शांतपणे बघत बसायचं की एखादा झेनॉन-१३६ चा न्यूक्लियस दोन इलेक्ट्रॉन टाकून बेरियम-१३६ होतो का, आणि त्यात न्यूट्रिनो एकही बाहेर पडत नाही असं होतं का. दिसलं नाही. मग २०२४ मध्ये त्यांनी सांगितलं की असा क्षय होत असेलच तर त्याचं हाफ लाइफ (निम्मे न्यूक्लियस क्षय पावायला लागणारा काळ) निदान ३.८ गुणिले १०^२६ वर्षं आहे. विश्वाचं वय साधारण १.३८ गुणिले १०^१० वर्षं, म्हणजे तुलनाच नको. पण आकडा एकच आहे, स्वच्छ आहे. मोजलं, सांगितलं.

आता विचारा की मग न्यूट्रिनोचं वस्तुमान कितीच्या खाली आलं? तर उत्तर येतं : २८ ते १२२ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (कणांचं वस्तुमान सांगायचं एकक) खाली. एक आकडा नाही, पट्टा. चौपटीहून जास्त रुंद पट्टा. आणि हा पट्टा प्रयोगवाल्यांच्या चुकीमुळे नाहीये, त्यांनी त्यांचं काम चोख केलंय. तो पट्टा आमचा आहे, थिअरीवाल्यांचा, न्यूक्लिअर स्ट्रक्चरची गणितं करणाऱ्यांचा. म्हणून तो कागद समोर लावलाय.

थोडं मागे जाऊ. जर्मेनियम-७६ घ्या. त्याला साध्या बीटा डिकेने (एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर पडतो) आर्सेनिक-७६ व्हायचं तर ऊर्जा कमी पडते, जाताच येत नाही. पण त्याच्या पलीकडचा सेलेनियम-७६ ऊर्जेने खाली आहे. हे असं का, तर न्यूक्लियसमध्ये प्रोटॉन प्रोटॉनशी आणि न्यूट्रॉन न्यूट्रॉनशी जोडी जमवून बसतात, फुगडी घालणाऱ्या दोघींसारखे, एकमेकींचे हात धरून उलट्या बाजूंना झुकलेल्या. जोड्या पूर्ण असल्या की न्यूक्लियस खाली बसतो, सुटा कोणी राहिला की वर जातो. आर्सेनिकमध्ये एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन सुटे राहतात. मग जर्मेनियमला एकच मार्ग उरतो, एका झटक्यात दोन न्यूट्रॉनचे दोन प्रोटॉन करायचे. हा डबल बीटा डिके.

१९३५ मध्ये मारिया गोपर्ट मायर यांनी याचं पहिलं गणित केलं आणि हाफ लाइफ १०^१७ वर्षांच्या पुढे असेल असं सांगितलं. याच बाईंनी पुढे १९४९ मध्ये शेल मॉडेल (न्यूक्लियसमधले कण कवचांत बसतात असं मानणारं) मांडलं आणि १९६३ मध्ये नोबेल मिळवलं, मेरी क्युरींनंतर भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या दुसऱ्या स्त्री. मला हे फार जवळचं वाटतं, कारण मी जे गणित करते त्याची दोन्ही टोकं, क्षय पण आणि न्यूक्लियसचं मॉडेल पण, एकाच माणसाच्या हातून आली. १९३७ मध्ये एत्तोरे मायोराना यांनी म्हटलं की न्यूट्रिनो आणि त्याचा प्रतिकण हे एकच असू शकतात, आणि १९३९ मध्ये वेंडेल फरी यांनी दाखवलं की तसं असेल तर डबल बीटा डिकेमध्ये न्यूट्रिनो बाहेर न पडताही चालेल, एका न्यूट्रॉनने सोडलेला दुसऱ्याने आतल्या आतच घेतला. दोन न्यूट्रिनो बाहेर पडणारा प्रकार १९८७ मध्ये सेलेनियम-८२ मध्ये प्रयोगशाळेत थेट दिसला, जर्मेनियम-७६ साठी त्याचं हाफ लाइफ साधारण २ गुणिले १०^२१ वर्षं आहे. न्यूट्रिनो न सोडणारा प्रकार अजून कोणालाच दिसलेला नाही. दिसला तर न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण आहे हे ठरेल, आणि विश्वात द्रव्य का उरलं, प्रतिद्रव्य का नाही, या प्रश्नाला एक खरा धागा मिळेल.

क्षय किती वेगाने होतो, म्हणजे हाफ लाइफच्या व्यस्ताचं सूत्र, तीन तुकड्यांचा गुणाकार आहे. पहिला तुकडा बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा, तो चांगला मोजता येतो, त्यात वाद नाही. तिसरा तुकडा न्यूट्रिनोच्या वस्तुमानाचा, तेच तर शोधायचंय. मधला तुकडा न्यूक्लिअर मॅट्रिक्स एलिमेंट, आम्ही नुसतं एम म्हणतो, आणि तो वर्गात येतो. हा एम कुठल्याही उपकरणाने थेट मोजता येत नाही. तो फक्त काढता येतो. जर्मेनियमची मूळ अवस्था कशी आहे, सेलेनियमची कशी आहे, आणि मधे दोन न्यूट्रॉन एक-दोन फेम्टोमीटर अंतरावरून न्यूट्रिनोची देवाणघेवाण करून प्रोटॉन होताना या दोन अवस्था एकमेकींशी किती जुळतात, त्याचा तो आकडा.

७६ कण, आणि सगळे एकमेकांशी बोलतात. हे पूर्ण सोडवणं कोणालाच जमत नाही म्हणून प्रत्येक गट काहीतरी सोडून देतो, आणि कोण काय सोडतं यावर उत्तर ठरतं. शेल मॉडेलवाले (म्हणजे आम्ही) थोड्याच कक्षा घेतो पण त्या कक्षांमध्ये कण ज्या ज्या प्रकारे बसू शकतात ते सगळे प्रकार घेतो. क्यूआरपीए (क्वासीपार्टिकल रँडम फेज अप्रॉक्सिमेशन) वाले उलट करतात, कक्षा भरपूर घेतात पण कणांमधली गुंतागुंत सोपी करून घेतात, शिवाय त्यांच्याकडे एक पॅरामीटर असतो तो दोन-न्यूट्रिनोवाल्या मोजलेल्या हाफ लाइफवर बसवतात. तिसरे एनर्जी डेन्सिटी फंक्शनलवाले, ते न्यूक्लियसच्या आकारांवर भर देतात, गोल आहे की लांबट, आणि तिथून एक सुंदर गोष्ट कळली की क्षयाआधीचा आणि नंतरचा न्यूक्लियस एकाच आकाराचे असतील तर एम मोठा येतो आणि आकार वेगळे असतील तर पडतो, निओडिमियम-१५० ला हा फटका बसतो. शिवाय इंटरॅक्टिंग बोसॉन मॉडेल आहे. आपल्याकडे लखनौ विद्यापीठातल्या गटाने प्रोजेक्टेड हार्ट्री-फॉक-बोगोल्युबोव्ह पद्धतीने कितीतरी वर्षं हे काम केलंय, झिर्कोनियम-९६, मॉलिब्डेनम-१००, टेल्युरियम-१३०, निओडिमियम-१५० वगैरेंवर, आणि जगभरच्या तुलनेच्या आलेखात त्यांचे ठिपके असतात. मराठीत कुठे याबद्दल वाचलेलं आठवत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

तर असा आलेख काढला की एकाच न्यूक्लियससाठी सगळ्यात खालचा ठिपका आणि सगळ्यात वरचा ठिपका यात दोन-तीन पटींचा फरक दिसतो. शेल मॉडेल बहुतेक वेळा खाली, बाकीचे वर. एम वर्गात जातो, म्हणजे हाफ लाइफमध्ये चार ते नऊ पट. झेनॉन-१३६ ला तर एममधला फरकच चौपटीहून जास्त आहे, आणि वस्तुमानाची मर्यादा एमच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून तो २८ ते १२२.

यावर एक प्रश्न मला फार लोक विचारतात की सरासरी का नाही घेत. नाही घ्यायची. पाच जणांनी पाच वेगवेगळ्या गोष्टी सोडल्या असतील तर त्यांच्या सरासरीत काहीच भरून निघत नाही, आणि उत्तरांमधला फरक म्हणजे चूक किती असेल याचा अंदाज नव्हे, सगळेच एका बाजूला चुकलेले असू शकतात. हे मी ऐकलं होतं खूप वेळा, पण मला ते पटलं ते माझ्या स्वतःच्या एका चुकीतून, ती सांगते.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी कॅल्शियम-४८ वर काम करत होते. शिकायला सगळ्यात चांगला न्यूक्लियस, २० प्रोटॉन २८ न्यूट्रॉन, दोन्हीकडून कवचं भरलेली. शेल मॉडेलमध्ये याचा एम लहान येतो, जुन्या पेपरांमध्ये ०.८-०.९ च्या आसपास. माझं उत्तर बरंच मोठं आलं. मी तपासण्या केल्या. एक तपासणी अशी असते की न्यूट्रिनोचा अंतरावर अवलंबून असलेला भाग काढून तिथे नुसता १ टाकायचा, मग फर्मी भागाचं (एमचा स्पिनशी संबंध नसलेला तुकडा) उत्तर बरोबर शून्य यायला हवं, कारण कॅल्शियम-४८ चा आयसोस्पिन (प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या संख्येतल्या फरकाशी जोडलेला आकडा) ४ आणि टायटॅनियम-४८ चा २, आणि तो ऑपरेटर (क्षय घडवणारा गणितातला भाग) आयसोस्पिन बदलू शकत नाही. शून्य आलं, दशांशाच्या आठव्या घरापर्यंत. मी खूश. आणि खरं सांगायचं तर मोठं उत्तर आल्यामुळे जास्त खूश, कारण मोठा एम सगळ्यांना हवा असतो, मोठा एम म्हणजे क्षय लवकर, म्हणजे प्रयोगात दिसायची शक्यता जास्त. मी मनातल्या मनात कारणंही शोधायला लागले होते की माझा इंटरॅक्शन (कणांमधल्या बलाचे आकडे) नवा आहे, म्हणून असेल.

तीन आठवडे असेच गेले. मग गाइड म्हणाले की एकूण उत्तर बघू नकोस, जोड्यांनुसार तुकडे करून बघ. म्हणजे क्षय होणाऱ्या दोन न्यूट्रॉनांचा मिळून स्पिन जे किती, शून्य, दोन, चार, असे खांब काढायचे. बरोबर उत्तरात जे=० चा खांब मोठा आणि धन असतो, ती फुगडीवाली जोडी, आणि बाकीचे खांब, सगळ्यात जास्त जे=२ चा, ऋण असतात आणि ते जे=० मधून बरंच खाऊन टाकतात. एम म्हणजे हीच वजाबाकी, दोन मोठ्या आकड्यांमधला छोटा फरक. माझा जे=० चा खांब जुन्या पेपरांसारखाच होता. जे=२ चा मात्र जवळजवळ गायब.

चूक चिन्हाची होती. कणांच्या लहरींच्या रेडियल (केंद्रापासूनच्या अंतरानुसार बदलणाऱ्या) भागाचं चिन्ह दोन पद्धतींनी धरतात, काही जण केंद्राजवळ धन धरतात, काही जण लांबवर धन धरतात. एफ कक्षेला फरक पडत नाही, पी कक्षेला मधे एक गाठ असते म्हणून तिचं चिन्ह उलटतं. माझा इंटरॅक्शन एका पद्धतीचा, ऑपरेटर दुसऱ्या पद्धतीचा. दोन एफ कण जाऊन दोन पी येतात तिथे दोन चिन्हं मिळून धन होतात, म्हणून जे=० ला काहीच झालं नाही. एक एफ आणि एक पी अशी जोडी जिथे येते तिथे चिन्ह उलटलं, आणि जे=२ चं सगळं बिघडलं. आणि ती शून्याची तपासणी? तिच्यात कण आपापली कक्षा सोडतच नाहीत, त्यामुळे तिला ही चूक दिसणं शक्यच नव्हतं. ओळ बदलली, उत्तर खाली आलं, जुन्या आकड्यांच्या शेजारी बसलं. त्या रात्री मी घरी गेले तेव्हा मला वाईट वाटत होतं, चूक सापडल्याचं नाही, तर तीन आठवडे मला ते मोठं उत्तर आवडत होतं याचं.

तेव्हापासून मी एक नियम केलाय, उत्तर हवं तसं आलं की तपासणी दुप्पट.

दुसरी मोठी भानगड म्हणजे क्वेंचिंग. साध्या बीटा डिकेची शेल मॉडेलने काढलेली उत्तरं प्रयोगापेक्षा सातत्याने जास्त येतात, म्हणून वर्षानुवर्षं बीटा डिकेची ताकद ठरवणारा जीए नावाचा जो आकडा आहे, १.२७, त्याला साधारण ०.७५ ने गुणायची पद्धत होती, मग सगळं जुळतं. का जुळतं हे कोणी नीट सांगू शकत नव्हतं. आमच्या क्षयात जीए चौथ्या घातात येतो. ०.७५ चा चौथा घात ०.३२, म्हणजे हा गुणक इथेही लावला तर हाफ लाइफ तिप्पट लांबतं, प्रयोगाचं सगळं गणितच हलतं. २०१९ मध्ये नेचर फिजिक्समध्ये एक पेपर आला, त्यात टिन-१०० पर्यंतच्या न्यूक्लियसवर दाखवलं की हा गुणक म्हणजे काही गूढ नाही, कणांमधली सोडून दिलेली गुंतागुंत आणि दोन कण मिळून होणारे करंट, हे दोन्ही घेतले की मोजलेला १.२७ तसाच ठेवून उत्तर जुळतं. तो पेपर मी छापून घेतला होता, ट्रेनमध्ये दोनदा वाचला. पण तरी आमचा प्रश्न तिथे संपत नाही, कारण साध्या बीटा डिकेमध्ये संवेग जवळजवळ शून्य असतो आणि आमच्या आतल्या न्यूट्रिनोचा १०० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरातला, तिथे हे करंट वेगळे वागतात.

आणि तिसरी, जिने सगळ्यांना हलवलं. २०१८ मध्ये दाखवलं गेलं की दोन न्यूट्रॉन अगदी जवळ आले असताना होणारा एक अतिरिक्त भाग, काँटॅक्ट टर्म, आत्तापर्यंतच्या सगळ्या गणितांत राहूनच गेला होता, आणि तो छोटी दुरुस्ती नसून पहिल्याच पायरीवरचा आहे, तो घेतल्याशिवाय उत्तर कट-ऑफवर (गणित कुठे तोडायचं याची आपणच ठरवलेली मर्यादा) अवलंबून राहतं. म्हणजे पाचही पद्धतींनी एकच गोष्ट सोडली होती. (सरासरी का घ्यायची नाही ते इथे कळतं.) पुढे २०२१ मध्ये कॅल्शियम-४८ साठी काढलं तर त्या एका टर्मने एम ४३ टक्क्यांनी वाढला.

आता जे चाललंय त्याला अब इनिशिओ म्हणतात, म्हणजे कणांमधलं बल कायरल इफेक्टिव्ह फील्ड थिअरीवरून (क्वार्कांच्या मूळ सिद्धांताला धरून बांधलेली थिअरी) घ्यायचं, ते दोन-तीन-चार कणांच्या प्रणालींवर बसवायचं, आणि मग कुठलाही मधला गुणक न लावता मोठ्या न्यूक्लियसपर्यंत जायचं. २०२० पासून कॅल्शियम-४८ साठी दोन-तीन वेगळ्या पद्धतींनी उत्तरं आली आणि ती एकमेकांच्या जवळ आहेत, हे आमच्या क्षेत्रात नवीनच होतं. २०२४ मध्ये जर्मेनियम-७६ साठी आकडा आला, २.६०, वर १.२८ आणि खाली १.३६ अशा एरर बारसकट. लोक म्हणाले केवढा मोठा एरर बार! मला तर उलट वाटलं की हा पहिला आकडा आहे ज्यावर मी विश्वास ठेवू शकते, कारण त्यात काय काय धरून अनिश्चितता काढली ते लिहिलंय, बल बदलून बघितलंय, पद्धत बदलून बघितलीय. जुने आकडे दोन दशांशांपर्यंत छापलेले असायचे, एरर बार नसायचा, किंवा असला तरी फक्त त्या एका पद्धतीच्या आतला असायचा.

पण हो, हा आकडा जुन्या बऱ्याच आकड्यांपेक्षा लहान आहे, आणि त्याची किंमत मोजावी लागते. एम निम्मा झाला तर तेवढ्याच न्यूट्रिनो वस्तुमानासाठी हाफ लाइफ चौपट, म्हणजे पार्श्वभूमीचा गोंगाट अजिबात नसला तरी चौपट माल किंवा चौपट वर्षं, आणि गोंगाट असला तर सोळा पट. निसर्गात जर्मेनियममध्ये जर्मेनियम-७६ साधारण ७.८ टक्केच असतो, तो वेगळा काढायला प्रचंड पैसा लागतो, आणि पुढचा लीजंड-१००० प्रयोग एक टन घेऊन १०^२८ वर्षांपर्यंत जायचं म्हणतोय. एका कॉन्फरन्समध्ये चहाच्या वेळी एका प्रयोगवाल्या वरिष्ठ सरांनी मला विचारलं होतं, "तुम्ही लोक हा आकडा अजून किती खाली आणणार?" मला उत्तर देता आलं नाही तेव्हा. आज विचारलं तर म्हणेन की सर, जेवढा आहे तेवढा. तुमचा डिटेक्टर वर्षानुवर्षं चालणार, तो खोट्या मोठ्या आकड्यावर उभा राहू नये.

एम थेट मोजता येत नाही असं वर म्हटलं, पण आजूबाजूचं बरंच मोजता येतं. २००८ मध्ये जर्मेनियम-७६ आणि सेलेनियम-७६ मध्ये कुठल्या कक्षेत किती न्यूट्रॉन बसलेत हे न्यूक्लिऑन ट्रान्सफर रिअ‍ॅक्शनने मोजलं, आणि ते क्यूआरपीएच्या अंदाजापेक्षा वेगळं निघालं. ती मोजमापं गणितात घातल्यावर क्यूआरपीए आणि शेल मॉडेलमधलं अंतर कमी झालं. माझ्या मते अशा प्रयोगांना जेवढं महत्त्व मिळायला हवं तेवढं मिळत नाही. इटलीत कातानियाला न्यूमेन नावाचा प्रकल्प चाललाय, डबल चार्ज एक्सचेंजचा (दोन न्यूक्लियसच्या टकरीत दोन विद्युतभारांची अदलाबदल), त्याच्याकडे मी डोळे लावून बसलेय.

आणि मुंबईची एक गोष्ट सांगायचीच आहे. मला या विषयाची गोडी कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) लागली, तिथे टिन-१२४ वर बोलोमीटरने हा क्षय शोधायचं काम सुरू झालं होतं, नावही टिन.टिन. कथील ३.७ केल्विनच्या खाली सुपरकंडक्टर होतं, ते अजून थंड करत न्यायचं आणि एका क्षयाच्या उष्णतेने तापमान किती हलतं ते बघायचं. मी बीएस्सीला होते, क्रायोस्टॅटसमोर उभी राहून विचार करत होते की घरात स्वयंपाकाच्या पितळी भांड्यांना कल्हई लावतो तेच कथील. टिनमध्ये ५० प्रोटॉन, प्रोटॉनचं कवच गच्च भरलेलं, त्यामुळे शेल मॉडेलला तो आपलाच माणूस. सध्या टिन-१२४ ते टेल्युरियम-१२४ चंच गणित क्लस्टरवर लावलंय.

कोणी एमएस्सीचे विद्यार्थी वाचत असतील तर तुम्हीही सुरुवात करू शकता, मोठं मशीन लागत नाही. केशेल किंवा बिगस्टिक हे शेल मॉडेलचे कोड फुकट मिळतात. पीएफ शेलमध्ये कॅल्शियम-४८ चं मॅट्रिक्स १२,०२२ बाय १२,०२२ आणि टायटॅनियम-४८ चं ६,३४,७४४ चं, लँक्झोस पद्धतीने मूळ अवस्था साध्या लॅपटॉपवर निघते. (निकेल-५६ घ्यायला जाऊ नका लगेच, तिथे हाच आकडा १०८ कोटींच्या वर जातो.) दोन्ही मूळ अवस्था काढा, मग ट्रान्झिशन डेन्सिटी, मग ऑपरेटर, आणि एकूण उत्तराकडे बघायच्या आधी जे=० आणि जे=२ चे खांब काढा. दुसरा खांब खाली जात नसेल तर पी कक्षेचं चिन्ह बघा आधी. अडलात तर मला लिहा, इंटरॅक्शनची फाइल कुठली आणि चिन्हाची पद्धत कुठली धरलीय एवढं मात्र सोबत कळवा.